ऐकलेला शेजार : अमेरिकन नभोविनोदातील संसार आणि संवाद

विनोदी वाङ्मयाचा विचार करताना आपली समीक्षा बहुधा प्रसंग, स्वभावचित्रण आणि भाषाशैली या तीन अंगांनी पुढे जाते. ही तिन्ही अंगे छापील पानावरून पारखता येतात. आणि म्हणूनच ज्या विनोदाचे मूळ अस्तित्व छापील पानावर नव्हते, त्याच्या वाट्याला उपेक्षा तरी येते, किंवा 'करमणूक' या एका शब्दात त्याची बोळवण तरी होते. अमेरिकेत १९३० नंतरच्या पंचवीसएक वर्षांत नभोवाणीवरून प्रसृत झालेल्या गृहजीवनविषयक विनोदी मालिकांचे असेच झाले आहे. एक नवरा, एक बायको, एक घर आणि आसपासचे शेजारी, एवढ्या भांडवलावर या मालिका वर्षानुवर्षे चालल्या. त्यांच्यावरचा नेहमीचा आक्षेप असा की, त्यांत काही घडतच नाही आणि जे थोडेफार घडते ते पुन्हा पुन्हा तेच घडते.

या आक्षेपातील वस्तुस्थिती नाकारण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो तिच्या मूल्यमापनाचा. नित्याच्या संसारातही फारसे काही घडत नाही. तेथे मुख्यतः बोलणे चालू असते, आणि ते बोलणेही बहुतांशी कालचेच असते. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे आहे की, या मालिकांत शेजारी हा 'पात्र' होण्यापूर्वी बोलण्याची एक रीत असतो, आणि दांपत्य म्हणजे त्या रीतीला दोघांनी मिळून दिलेले उत्तर असते. हे प्रतिपादन तपासण्यासाठी 'फिबर मॅगी अँड मॉली' आणि 'व्हिक अँड सेड' या दोन मालिका येथे घेतल्या आहेत. दोहोंचा विषय एक, काळ बराचसा एक, प्रदेशही एक. परंतु शेजार उभा करण्याच्या त्यांच्या पद्धती परस्परविरुद्ध आहेत, आणि त्या विरोधातच या कलाप्रकाराचे सामर्थ्य व मर्यादा दोन्ही दिसून येतात.

प्रथम थोडी माहिती देणे अवश्य आहे. 'फिबर मॅगी अँड मॉली' ही मालिका १६ एप्रिल १९३५ रोजी एन. बी. सी. या प्रक्षेपणसंस्थेवर सुरू झाली. प्रमुख भूमिका करणारे जिम आणि मॅरियन जॉर्डन हे प्रत्यक्षातही पतिपत्नी होते, आणि दोघेही इलिनॉय राज्यातील पिओरिया या गावचे होते. लेखन डॉन क्विन यांचे होते. १९४३ पासून फिल लेस्ली हे त्यांचे सहलेखक झाले, आणि १९५० मध्ये क्विन यांनी मालिका सोडली. आठवड्यास अर्धा तास हे तिचे रूप १९५३ पर्यंत टिकले. नंतर ती पाव तासाची दैनिक मालिका झाली, आणि शेवटी लहान लहान प्रवेशांच्या रूपाने १९५९ पर्यंत ऐकू येत राहिली. 'व्हिक अँड सेड' ही मालिका जून १९३२ मध्ये सुरू झाली व तिचे मुख्य आयुष्य सप्टेंबर १९४४ मध्ये संपले. ती दिवसा, पाव तास, आठवड्याचे पाच दिवस ऐकवली जाई. साडेतीन हजारांहून अधिक भागांचे लेखन पॉल रायमर या एकाच लेखकाने केले. रायमर यांचे बालपण गेले ते ब्लूमिंग्टन हे गाव पिओरियापासून अवघ्या चाळीसेक मैलांवर आहे. दोन्ही मालिकांचा आरंभ शिकागोतून झाला. पहिली १९३९ मध्ये हॉलिवूडला गेली. म्हणजे मध्य इलिनॉयमधील लहान गावांची बोलण्याची ढब हाच दोहोंचा मूळ कच्चा माल होता.

एक भेद मात्र आरंभीच लक्षात ठेवला पाहिजे. मॅगी दांपत्याचे खेळ स्टुडिओत बसलेल्या प्रेक्षकांसमोर होत, आणि त्यांचा हशा घरच्या श्रोत्यांना ऐकू येई. 'व्हिक अँड सेड'मध्ये असा प्रेक्षकवर्ग नव्हता. तेथे कोणी हसत नाही. हा तांत्रिक तपशील वाटला तरी पुढील विवेचनात त्याला महत्त्व येणार आहे.

विस्टफुल व्हिस्टा या काल्पनिक रस्त्यावरील ७९ क्रमांकाचे घर हे मॅगी दांपत्याचे निवासस्थान. सोडतीत मिळालेल्या या घरात मूलबाळ नाही, आणि गृहस्थाला दिसेल असा उद्योगधंदाही नाही. मॅगी सकाळी उठून एखादी नवी खटपट हाती घेतो. मग दाराची घंटा वाजत राहते आणि शेजारी एकामागून एक येऊन जातात. वृत्तांत असा एवढाच. आता हे शेजारी कोण, असे विचारले असता त्यांची वये, व्यवसाय किंवा रूपे आपल्याला फारशी सांगता येत नाहीत. ते कसे बोलतात हे मात्र नेमके सांगता येते. 'ओल्ड टायमर' नावाचे वृद्ध गृहस्थ मॅगीची गोष्ट ऐकून घेतात आणि आपण ऐकली ती अशी नव्हती, असे म्हणून आपली निराळी गोष्ट सुरू करतात. मिसेस अपिंग्टन प्रतिष्ठितांच्या भाषेत बोलतात, आणि मॅगी त्यांचे नावच तोडून त्यांना जमिनीवर आणतो. होरेशिओ बूमर हा लुच्चा मनुष्य खिसे चाचपीत एकेक वस्तू बाहेर काढून तिचे नाव घेत जातो. टीनी ही लहान मुलगी प्रत्येक वाक्याला पैजेची पुस्ती जोडते. वॉलेस विम्पल हा गरीब बिचारा आपल्या धिप्पाड बायकोच्या माराची हकिकत अत्यंत मृदू स्वरात सांगतो. ती बायको मात्र आपल्याला कधीच ऐकू येत नाही.

या यादीकडे भाषाभ्यासाच्या दृष्टीने पाहिले असता एक नियम हाती लागतो. यांतील प्रत्येक शेजारी म्हणजे संभाषणाच्या सामान्य शिष्टाचाराचा एकेका ठिकाणी झालेला भंग आहे. एक जण दुसऱ्याची गोष्ट पुरी मानत नाही, एक प्रसंगाला न शोभणाऱ्या चढ्या पायरीवरून बोलतो, एक विषय सोडून यादी देऊ लागतो, एकीचे प्रश्न संपत नाहीत. श्रोता त्यांना ओळखतो तो त्या भंगावरून. येथे दृश्याचे साहाय्य नाही. ओळख पहिल्या दोन-तीन शब्दांतच पटली पाहिजे. यास्तव पालुपद ही येथे सोय नसून अटळ गरज आहे. रंगभूमीवर नटाचा वेष जे काम करतो, ते येथे वाक्यरचनेला करावे लागते.

या दृष्टीने पाहता जाहिरातीचा प्रश्नही निराळा दिसू लागतो. १९५० पर्यंत मालिकेचे प्रायोजक 'जॉन्सन्स वॅक्स' हे होते. जाहिरात करणारे निवेदक हार्लो विल्कॉक्स कथेच्या बाहेर उभे राहून बोलत नसत; तेही एक शेजारी म्हणून घरात येत, बोलणे कोठलेही चालू असो, ते ओढून जमिनीला लावायच्या मेणावर आणून ठेवत, आणि नवरा-बायको त्यांची थट्टा करीत. समीक्षक यास व्यापारी तडजोड म्हणतील, आणि ती तशी आहेही. तथापि ही तडजोड खपून गेली याचे कारण असे की, विल्कॉक्स यांचा दोष इतर शेजाऱ्यांच्या दोषांच्याच जातीचा होता. प्रत्येक विषय आपल्या एका विषयाकडे वळवणारा मनुष्य आपल्या प्रत्येकाच्या शेजारी असतोच. विक्रेत्याला शेजाऱ्याच्या जागी बसवण्यातली लबाडी मात्र नजरेआड करू नये. घरोब्याची भाषा विक्रीसाठी वापरता येते हे या मालिकेने फार लवकर आणि फार गोड शब्दांत दाखवून दिले.

शेजारी येऊन जातात. राहतात ते दोघे. मॉलीचे कार्य वरवर पाहता नवऱ्याच्या फुशारकीला लगाम घालण्याचे आहे. तो कोटी करतो. ती थंडपणे सांगते की यात हसण्यासारखे काही नाही. ते तिचे सर्वांत प्रसिद्ध उत्तर. आणि प्रेक्षक हसतात ते या निकालाला. कोटी मुळात सुमारच असते, किंबहुना लेखकाने ती सुमारच ठेवलेली असते. मॉली ही तिची पहिली समीक्षक आहे, आणि विनोद कोटीतून सरकून त्या अभिप्रायात गेलेला आहे. वाईट विनोद करणारा नवरा आणि तो वाईट आहे हे वर्षानुवर्षे न कंटाळता सांगणारी बायको, या जोडीतील स्नेह कोठेही शब्दांत सांगितलेला नाही. तो या न कंटाळण्यात आहे.

संबोधनांचा विचार केल्यास हे अधिक स्पष्ट होईल. मॉली नवऱ्याला 'मॅगी' असे आडनावाने हाक मारते. परक्या पुरुषाला लावायचे हे संबोधन तिच्या तोंडी अत्यंत निकटचे होते. मराठी वाचकाला हे समजण्यास अडचण पडू नये. 'अहो' हे आदरार्थी बहुवचनी संबोधन बाजारात कोणालाही लावता येते. परंतु घरातून आलेल्या एका विशिष्ट स्वरातील 'अहो' जगात एकाच माणसासाठी असते. औपचारिक रूपाने खाजगी अर्थ धारण करणे हा दांपत्यभाषेचा एक सामान्य धर्म असावा, असे या दोन दूरच्या उदाहरणांवरून म्हणावेसे वाटते. शेजाऱ्यांच्या बाबतीत मात्र दोन्ही समाज वेगळ्या वाटेने जातात. आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावरील 'पुन्हा प्रपंच'मध्ये घरी येणारा परिचित 'टेकाडे भावजी' होतो आणि गृहिणी त्याची 'मीनावहिनी' होते. नात्याचा शब्द लागताच त्याला घरात जागा मिळते. विस्टफुल व्हिस्टावरील शेजाऱ्याला नात्याचा शब्द मिळत नाही. त्याला टोपणनाव मिळते किंवा त्याच्या पदवीची थट्टा होते, आणि ती थट्टा सहन करणे हाच तेथे घरोब्याचा परवाना असतो.

दांपत्य ही एक भाषिक संस्था आहे याचा उत्तम पुरावा गेल गॉर्डन यांनी रंगवलेल्या महापौर ला ट्रिव्हिया यांच्या प्रवेशांत सापडतो. नावात न्यूयॉर्कचे तत्कालीन महापौर ला गार्डिया यांच्यावर कोटी आहे. ठरलेला प्रकार असा : महापौर बोलता बोलता एखादा वाक्प्रचार वापरतात, मॅगी आणि मॉली त्याचा शब्दशः अर्थ घेतात. मराठीत कल्पना करावयाची तर, एका कंत्राटदाराने आपल्या तोंडाला पाने पुसली असे महापौर म्हणाले, की मॉली आस्थेने विचारील, "कसली हो पाने?" आणि मॅगी म्हणेल, "ओली असतील तर पुरळ उठते." महापौर खुलासा करतात; खुलाशातील शब्दही शब्दशः घेतला जातो. शेवटी त्यांची जीभ अडखळते, अक्षरांची अदलाबदल होते, आणि ते संतापून गप्प होतात. एरवी सतत एकमेकांना टोकणारे हे दोघे येथे ठरवल्याशिवाय एक होतात. एकाने अर्धे वाक्य टाकावे आणि दुसऱ्याने ते उचलावे. त्यांनी असा काही कट केल्याचे मालिकेत कोठेही सांगितलेले नाही, आणि सांगण्याची गरजही नाही. लाक्षणिक अर्थ न घेण्याचा हा मूक करार हेच त्यांच्या संसाराचे सर्वांत बोलके वर्णन आहे.

याच्या उलट बाजूचे प्रमाणही इतिहासाने पुरवले आहे. १९३७ च्या अखेरीपासून १९३९ च्या वसंतापर्यंत मॅरियन जॉर्डन आजारपणामुळे कार्यक्रमात नव्हत्या. मालिका चालू राहिली, शेजारी येत राहिले. नाव मात्र 'फिबर मॅगी अँड कंपनी' असे करावे लागले. 'मॉली'च्या जागी 'कंपनी' हा शब्द आला यातच सर्व आले. शेजाऱ्यांची मंडळी जमवता येते. परंतु तिच्यासमोर उभी राहणारी जोडी नसली म्हणजे उरतो तो एका बढाईखोराचा मेळावा.

पुनरावृत्तीच्या आक्षेपाला येथेच उत्तर देणे उचित होईल. मार्च १९४० पासून या घरातील एका कपाटाने मालिकेत प्रवेश केला. प्रवेशदाराजवळचे हे कपाट उघडले, की आतील अडगळ कोसळू लागते; धडधडाट बराच वेळ चालतो आणि अखेरीस एक लहानशी घंटा किणकिणते. श्रोत्याला हे सर्व ठाऊक असते. मॉली उघडू नको म्हणते, तरी मॅगी उघडतोच. हा आवाज एका संसाराची साठवण आहे. काही टाकून द्यायचे नाही, काही आवरायचे नाही, आणि आपल्याला ते ठाऊक नाही असे वागायचे. बूमरची खिशातील वस्तूंची शाब्दिक यादी आणि कपाटाची ध्वनिरूप यादी यांची रचना एकच आहे, हेही येथे नमूद करावे. दोहोंत अपेक्षा आधी तयार असते. लेखकाचे काम ती किती लांबवायची, दार आज कोणाच्या हातून उघडवायचे, एवढ्यापुरतेच उरते. लोकवाङ्मयातील पालुपदाला जो न्याय आपण लावतो तो येथेही लावला पाहिजे. पालुपद येणार हे ठाऊक असल्यानेच आपण त्याच्या आधीच्या ओळीकडे कान लावून बसतो.

मर्ट या दूरध्वनिकेंद्रावरील मुलीचा प्रकारही असाच आहे. मॅगी फोन उचलतो, मर्टशी बोलतो, आणि आपल्याला तिची बाजू ऐकू येत नाही. तो तिच्या कुटुंबातील एखाद्या घटनेचा उच्चार करतो. ती ऐकून मॉली हादरते. आणि पुढच्याच वाक्यात शब्दाचा दुसरा अर्थ उघड होऊन सर्व काही क्षुल्लक ठरते. मराठीत रचावयाचे तर, "काय म्हणतेस मर्ट, काकांचा काटा काढला?" आणि मॉलीने घाबरून विचारल्यावर, "हो, पायातला. काल बागेत रुतला होता." श्लेष साधाच आहे. परंतु तो घडतो एका अर्धवट ऐकू येणाऱ्या संभाषणात, आणि त्यामुळे मॉली आणि श्रोता एकाच जागी उभे राहतात.

या 'एकाच जागी उभे राहण्या'वर नभोविनोदाचा सगळा प्रामाणिकपणा अवलंबून आहे, आणि या मालिकेने एका ठिकाणी तो गमावला आहे. १९४४ मध्ये ब्यूला नावाची कृष्णवर्णीय मोलकरीण या घरात आली. तिचा आवाज काढीत होते मार्लिन हर्ट हे श्वेतवर्णीय पुरुष नट. हर्ट प्रेक्षकांकडे पाठ करून उभे राहत आणि वळून एकदम तिच्या आवाजात बोलू लागत. समोरचे प्रेक्षक चकित होऊन हसत. घरी बसलेल्या श्रोत्याला तो हशा ऐकू येई, त्याचे कारण दिसत नसे. आतापर्यंतच्या विनोदात डोळे असलेला आणि नसलेला श्रोता समान होता. येथे प्रथमच हशा एका अशा गोष्टीला मिळाला जी कथेत नव्हती, बोलण्यातही नव्हती, तर बोलणाऱ्याच्या देहात आणि बोललेल्या व्यक्तीच्या वंशात होती. जी रीत ओल्ड टायमरच्या बाबतीत स्वभावदर्शन करते, ती येथे एका सबंध समाजाची चिठ्ठी होते. निक डेपोपोलस या ग्रीक उपाहारगृहवाल्याच्या मोडक्या इंग्रजीतही हा धोका होताच. शेजाऱ्याला आवाजावरून ओळखणे आणि आवाजावरून त्याची जात ठरवणे यांत अंतर थोडे असते, आणि विनोदकाराच्या हातून ते सहज ओलांडले जाते. हर्ट यांनी १९४५ मध्ये ब्यूलाची स्वतंत्र मालिका सुरू केली. १९४६ मध्ये त्यांचे निधन झाले. १९४७ च्या अखेरीस ही भूमिका हॅटी मॅकडॅनिएल या कृष्णवर्णीय अभिनेत्रीकडे आली. आवाज खऱ्या व्यक्तीचा झाला, तरी मोलकरणीची ती चौकट पूर्वीच आखून ठेवलेली होती.

दुसरी एक मर्यादा तांत्रिक दिसते, पण ती याच पद्धतीतून निघते. ओल्ड टायमर, विम्पल, बूमर आणि निक हे चौघेही बिल थॉम्पसन या एकाच नटाचे आवाज होते. महायुद्धात थॉम्पसन नौदलात गेले, तेव्हा रस्त्यावरील हे शेजारी एकदम नाहीसे झाले. टीनीचा आवाज स्वतः मॅरियन जॉर्डन काढीत. त्यामुळे टीनी आली की मॉलीला काही निमित्ताने दुसऱ्या खोलीत जावे लागे. शेजारी हा केवळ बोलण्याचा नियम असेल तर तो नियम पाळणारा घसा गेल्यावर शेजारीही जातो. याला एक अपवाद सांगता येईल. हॅरल्ड पिअरी यांनी रंगवलेला गिल्डरस्लीव्ह १९४१ मध्ये विस्टफुल व्हिस्टा सोडून आपल्या स्वतंत्र मालिकेत गेला. तेथे त्याला घर मिळाले, भाचरांची जबाबदारी मिळाली, आणि तो भांडखोर शेजाऱ्याचा पूर्ण मनुष्य झाला. शेजारी पात्र होतो तो स्वतःच्या घरी गेल्यावर, असा याचा अर्थ आहे.

'व्हिक अँड सेड'मध्ये रायमर यांनी हीच अडचण मुळातून सोडवली. त्यांनी शेजाऱ्यांना बोलावलेच नाही. पुढच्या चौकात अर्ध्या वाटेवर असलेल्या त्या लहान घरात व्हिक गूक, सेड आणि त्यांचा दत्तक मुलगा रश एवढेच तिघे असतात. १९४० पासून फ्लेचरमामा येऊन मिळतात. मालिकेच्या बहुतांश काळात ऐकू येणारे आवाज एवढेच. आणि तरीही या मालिकेत माणसांची केवढी दाटी आहे! सेडची मैत्रीण रूथी स्टेमबॉटम, कचरेवाले मिस्टर गमपॉक्स, तळघरात नालफेकीचा खेळ मांडणारा आइक नीसफर, रॉबर्ट आणि स्लॉबर्ट हिंक हे जुळे भाऊ, सिशिगन, मिशिगन येथील रिशिगन फिशिगन. ही माणसे दारात येत नाहीत. ती जेवणाच्या टेबलाशी, पत्रातून, दूरध्वनीवरच्या एकतर्फी बोलण्यातून येतात. त्यांची ओळख त्यांच्या आवाजावरून पटण्याचा प्रश्नच राहत नाही, कारण त्यांना आवाज नाही. ती घरच्यांच्या आवाजात जगतात.

या बदलाचा परिणाम फार खोल आहे. विम्पलची न दिसणारी बायको आणि रूथी स्टेमबॉटम यांची तुलना करावी. दोघीही अनुपस्थित, परंतु पहिली एकाच विनोदासाठी आहे, तर दुसरी सेडच्या बोलण्यात रोज थोडी थोडी भर पडत वाढत जाते. यामिल्टनच्या दुकानात हातपुसण्यांचा सवलतीचा विक्रय लागला की सेड आणि रूथी तिकडे जाणार; त्याचे वर्णन सेड ज्या गांभीर्याने करते त्यातून रूथी, दुकान, सेडची काटकसर आणि तिची हौस ही सर्व एकदम कळतात. व्हिक ऐकतो, मध्येच फाटे फोडतो, आपल्या 'सेक्रेड स्टार्स ऑफ द मिल्की वे' या बंधुसंघाच्या कामकाजाचे तितक्याच गांभीर्याने वर्णन करतो. आणि आता सेडची पाळी येते, ती त्या थोर संस्थेकडे हातपुसण्यांच्या मापानेच पाहते. सेडची बहीण बेस हिचे पत्र मोठ्याने वाचले जाते. त्यात मेहुण्याच्या गुडघ्याची खबर असतेच. फ्लेचरमामा कोठल्या तरी गावच्या कोण्या माणसाचे विलक्षण चरित्र सांगतात, आणि तो पुढे वारला, असे म्हणून ते मिटवतात. त्यांना प्रश्न विचारला तर उत्तर भलतेच येते, कारण ते ऐकतच नाहीत. तरी कोणी त्यांना गप्प करीत नाही.

मालिनोव्स्की यांनी १९२३ मध्ये, ऑग्डेन आणि रिचर्ड्स यांच्या 'द मीनिंग ऑफ मीनिंग' या ग्रंथाच्या पुरवणीत, भाषेच्या एका उपयोगाकडे लक्ष वेधले होते : जेथे शब्द विचार पोचवण्यासाठी नसून केवळ बोलण्याच्या देवघेवीने माणसांना एकत्र बांधण्यासाठी असतात. याकोब्सन यांनी १९६० मध्ये भाषेच्या कार्यांची मांडणी करताना या संपर्कनिष्ठ कार्यास स्वतंत्र स्थान दिले. या उपयोगाचे उदाहरण म्हणून हवापाण्याच्या गप्पा नेहमी दिल्या जातात. रायमर यांचे लेखन या कल्पनेत एक महत्त्वाची भर घालते, असे वाटते. संपर्कनिष्ठ बोलण्यालाही विषय लागतो, आणि संसारात तो विषय बहुधा तिसरा मनुष्य असतो. नवरा-बायको एकमेकांविषयी फार काळ बोलू शकत नाहीत. ते गमपॉक्सविषयी बोलतात, आणि त्या बोलण्यातून एकमेकांना ओळखतात, चिडवतात, सांभाळतात. शेजाऱ्याची अनुपस्थिती ही येथे तंत्राची काटकसर राहत नाही; संसाराची भाषा ज्या अटीवर चालते ती अटच तिने उघड केली आहे.

याची उलटतपासणी एका तिसऱ्या उदाहरणाने करता येते. फिलिप रॅप यांनी लिहिलेल्या 'द बिकरसन्स' या प्रवेशमालेत, जी १९४६ पासून ऐकवली जाऊ लागली, डॉन अमीची आणि फ्रान्सिस लँगफर्ड यांनी मध्यरात्री बिछान्यात भांडणारे जोडपे उभे केले. नवरा घोरतो, बायको उठवते, आणि उणीदुणी सुरू होतात. येथे शेजारीण ग्लोरिया गूसबी येते ती केवळ आरोपाच्या रूपाने. प्रवेश अत्यंत रंगतदार आहेत. परंतु बाहेरचा मनुष्य बोलण्याचा विषय न राहता संशयाचा विषय झाला, की दोघांत बोलण्याजोगे दुसरे काही उरत नाही, हेच त्यांतून सिद्ध होते. पाव तासाच्या रोजच्या मालिकेचे बारा वर्षांचे ओझे असल्या भांडणाला पेलले असते असे वाटत नाही.

रायमर यांच्या विरुद्ध जे म्हणता येईल तेही म्हटले पाहिजे. १९३२ ते १९४४ हा काळ अमेरिकेत मंदीचा आणि युद्धाचा होता. विस्टफुल व्हिस्टावर युद्धकाळातील टंचाई, शिधावाटप आणि काळाबाजार हे विषय उघडपणे आले. रायमर यांच्या लहान घराच्या भिंती त्या मानाने फार जाड आहेत. त्यांचे गाव एकजिनसी आहे, आणि तेथे परका मनुष्य नावाच्या विचित्रपणापुरताच परका असतो. परंतु ज्याला आवाज नाही त्याच्या आवाजाचे विडंबनही होत नाही, हा त्यांच्या पद्धतीचा एक अनपेक्षित नैतिक लाभ आहे. ब्यूलाच्या बाबतीत जी चूक झाली ती येथे होणे शक्यच नव्हते. शिवाय हशा ऐकवणारे प्रेक्षक नसल्याने कोणत्या वाक्याला हसावयाचे हे श्रोत्याला स्वतः ठरवावे लागते. सेड स्वतःला विनोदी समजत नाही, आणि तिला तसे समजण्याची सक्ती आपल्यावर कोणी करीत नाही.

शेवटी संहितेचा प्रश्न उरतो, आणि अभ्यासकाच्या दृष्टीने तो गौण नाही. 'व्हिक अँड सेड'च्या ध्वनिमुद्रणांचा जेमतेम दहावा हिस्सा आज उपलब्ध आहे. रायमर यांची हस्तलिखिते विस्कॉन्सिन हिस्टॉरिकल सोसायटीच्या संग्रहात आहेत, आणि निवडक संहितांचे दोन संग्रह १९७२ व १९७६ मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणजे जे लेखन केवळ ऐकण्यासाठी होते ते आज मुख्यतः वाचावे लागते. वाचताना ते टिकते, हे त्याच्या वाङ्मयीन गुणवत्तेचे प्रमाण आहे. उलटपक्षी मॅगी दांपत्याच्या संहिता वाचताना फिक्या वाटतात आणि ध्वनिमुद्रण लावताच जिवंत होतात. यावरून एक श्रेष्ठ आणि दुसरी कनिष्ठ असा निवाडा घाईने करू नये. मॉलीचे ते प्रसिद्ध उत्तर कागदावर तीन शब्दांचे आहे. आवाजात त्याला वीस वर्षांच्या संसाराचे वजन आहे, आणि ते वजन नोंदवण्याची लिपी आपल्यापाशी नाही. तथापि दोहोंतून एकाचीच निवड करावयाची झाल्यास प्रस्तुत लेखकाचा कौल रायमर यांच्याकडे जाईल. मॅगीच्या घरी शेजारी आले की बोलणे सुरू होते आणि ते गेले की थांबते. गूकांच्या घरी ते कधी येत नाहीत, आणि म्हणून त्यांच्याविषयीचे बोलणे कधी संपत नाही.